नवऱ्याला आत घेण्याबाबत

स्लायगो, आयर्लंड
९ फेब्रुवारी २०२१

प्रिय गोरख,

रोज फोनवर बोलणारी बायको एकदम एवढी लांब ईमेल का पाठवतेय, असं तुला वाटेल. इथल्या सल्लागार बाईंनी सांगितलंय की आपलं लग्न खरं आहे हे सरकारला पटवायचं तर नवरा-बायकोचा पत्रव्यवहार हवा. फोनवर काय बोललो ते कुणाला दिसत नाही. म्हणून आजपासून आपण पत्रं लिहायची. ती छापून, भाषांतर करून फाईलला लागणार आहेत. तेव्हा जरा प्रेमाने लिही, आणि शुद्ध.

आता बातमी. जानेवारीच्या शेवटी इथल्या सरकारने व्हिसाचे अर्ज घेणं थांबवलं. साथीमुळे. काही जणांना सूट आहे. त्यात ‘आयरिश नागरिकांचे जवळचे कुटुंबीय’ असं वाचलं आणि मी खुर्चीतून उठलेच. मग पुढचा कंस वाचला. ‘जे आयर्लंडमधील आपल्या नेहमीच्या घरी परत येत आहेत असे.’

फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलतो, त्याचाच जास्त संताप येतो.

“तुमचे पती परत येतायत का?”

“नाही. पहिल्यांदाच येतायत.”

“मग ते परत येत नाहीत.”

“अहो, पण पहिल्यांदा आल्याशिवाय परत कसे येणार?”

“तुमचा त्रास मी समजू शकतो,” म्हणाला. आणि फोन ठेवला.

गेल्या वर्षी हेच लोक आपापल्या दारात उभे राहून आम्हा नर्सेससाठी टाळ्या वाजवत होते. मला टाळ्या नकोत. माझा नवरा द्या म्हणावं.

तुझी (हे फाईलसाठी आहे, पण खरंही आहे),
संध्या


जालना
१३ फेब्रुवारी २०२१

संध्या,

शुद्ध लिही म्हणतीस. मला शुद्ध लिहिता आलं असतं तर मी मास्तर झालो असतो. बियाण्याच्या प्लांटमधी उगवण मोजत बसलो नसतो. मी बोलतो तसंच लिहिणार. भाषांतर करणाऱ्याचं डोकं दुखू दे.

इकडची कथा अशी. लग्नाच्या दाखल्यावर माझं नाव गोरक्षनाथ, पासपोर्टवर गोरक्षनाथ, अन् दहावीच्या सर्टिफिकेटवर गोरखनाथ. तुझ्या सल्लागार बाईला सांग, दोघं एकच हायेत. त्यासाठी मी शपथपत्र करून आणलं. तिथला बाबू म्हणला, “दोन साक्षीदार आणा जे तुम्हाला दोन्ही नावांनी वळखतेत.” मी म्हणलं, “साहेब, मला तर सारे जण गोरख्या म्हणतेत.” त्याला बिलकुल हसू आलं न्हाई.

एमआयडीसीत गेटवर चहा प्यायला गेलो की रोज एकच सवाल. “काय, कवा चालले बायकोकडं?” पहिल्यांदा बरं वाटायचं. आता मी चहाच सोडून देऊन राह्यलो.

प्रेमानं लिही म्हणलीस म्हणून लिहितो. तू गेल्यापासून खोलीत दोन कप हायेत अन् एकच वापरात हाय. बस. एवढंच येतं मला.

गोरख


स्लायगो
१८ मार्च २०२१

प्रिय गोरख,

‘आमची ओळख कशी झाली’ या नावाखाली एक पान लिहून द्यायचंय. मी लिहिलंय, चुकलं असेल तर सांग.

‘आम्ही दोघं जालन्याला कॉलेजात एका वर्गात होतो. मी टेंभुर्णीची, बौद्ध घरातली. तो पिंपळगाव रेणुकाईचा, त्याच्या घरी मेंढ्या आणि थोडी शेती. तेव्हाच लग्न करायचं ठरवलं होतं. त्याच्या घरून विरोध झाला. मी नर्सिंगला गेले, मग आयर्लंडला आले. तो तिथेच राहिला. दोघांनीही दुसरीकडे लग्न केलं नाही. शेवटी गेल्या डिसेंबरात मी गेले आणि आम्ही जालन्याला नोंदणी पद्धतीने लग्न केलं.’

इतकी वर्षं एवढ्याशा परिच्छेदात बसली. वाचून मलाच राग आला.

आणि आता हे ऐक. आमच्या वृद्धाश्रमात मारिया म्हणून नर्स आहे, पोर्तुगालची. तिचा नवरा ब्राझीलचा. तो गेल्या आठवड्यात आला! याच बंदीत, याच विमानतळावरून. मी सल्लागार बाईंना विचारलं, हे कसं काय? त्यांनी शांतपणे समजावलं. युरोपातला माणूस आपला देश सोडून युरोपातल्याच दुसऱ्या देशात राहत असेल, तर त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला आत घ्यावंच लागतं, तो युरोपचा कायदा. पण माणूस आपल्याच देशात राहत असेल तर तो कायदा लागू नाही. मग त्याचा देश ठरवेल.

म्हणजे मारिया इथे परकी, म्हणून तिच्या नवऱ्याला हक्क. मी इथली, म्हणून माझ्या नवऱ्यासाठी विनंती. नागरिकत्वाची शपथ घेतली त्या दिवशी मी सगळ्या वॉर्डला पेढे वाटले होते. इथे मिळत नाहीत म्हणून घरी खवा आटवून केले होते, गोरख. आता वाटतं, उगाच आटवला.

एक आशा आहे. इथल्या लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात मी तीनदा जाऊन बसले. त्यांनी विनंती केल्यावर उत्तर आलंय की एप्रिलअखेरपर्यंत मूळ कागद पोचले तर आपलं प्रकरण अपवाद म्हणून पाहतील. दाखला परदेशात चालावा म्हणून त्यावर मुंबईचा सरकारी शिक्का हवा. तेवढं कर. आणि ते विचारतायत, लग्नाच्या फोटोत मुलाकडचं कुणी का नाही?

संध्या


जालना
६ एप्रिल २०२१

संध्या,

फोटोत माझ्याकडचं कोणी का न्हाई, त्याचं उत्तर इंग्रजीत कसं लिहायचं ते तूच सांग. मराठीत असं हाय. मी आईला म्हणलं, सोमवारी लग्न हाय, गाडी पाठवतो. आई म्हणली, “तुला करायचं ते कर, मला बोलवू नको.” राधाकिसन दादा तर म्हणला, करून टाक अन् मंग इकडं तोंड दाखवू नको. मी दाखवून राह्यलोच की, सणावाराला जातो, वसरीवर बसतो, आई ताट आणून ठेवते अन् आत जाते. बोलत न्हाई. आता हे त्या साहेबाला कळन का? त्याला वाटल, पैसे घेऊन खोटं लग्न केलं म्हणून घरचे आले न्हाईत.

माझं तर म्हणणं, खरं लिही. लिही की मुलाच्या आईला सून जातीची पाहिजे होती. त्यांच्या यादीत ह्याला रकाना नसल, तर खाली कोऱ्या जागेत लिही.

मुंबईचं बघतो. इकडं पुन्हा बंद सुरू झालं. एका एजंटाशी बोललो, त्याची तारीख ठरली की मी स्वतः जाऊन शिक्का मारून घेतो. तू बिलकुल टेन्शन घेऊ नको.

गिरिजाबाई बऱ्या हायेत. परवा टेंभुर्णीला तुझ्या आईकडं जाऊन आलो.

गोरख


स्लायगो
४ मे २०२१

गोरख,

हे पत्र फाईलला लावायचं नाही.

मुदत गेली. कागद आले नाहीत. मी त्या कार्यालयात रोज फोन करत होते, “निघालेत, येतच आहेत” असं तोंड वर करून सांगत होते. काल तिथल्या बाई म्हणाल्या, “तुमच्या पतीला यायची इच्छा आहे ना, याची खात्री करून घ्या.” भर दुपारी, वॉर्डमध्ये औषधांची ट्रॉली हातात धरून मी हे ऐकलं.

तू फोनवर दोन वाक्यं बोलतोस आणि ठेवतोस. मुंबईला गेलास का विचारलं की “बघतो”. आईचा फोन लागत नाही. लागला तर तिची पुतणी रूपाली उचलते आणि म्हणते काकू झोपल्यात. तुम्ही सगळ्यांनी मिळून काय ठरवलंय?

तुला यायचं नसेल तर तसं सांग. तुझी आई ताट ठेवून आत निघून जाते म्हणून तू घाबरलास? की गेटवरच्या लोकांनी ‘बायकोच्या जिवावर चालला’ म्हटलं म्हणून? मी इथे एकटीने सगळ्यांचे पाय धरायचे, आणि तुला साधं मुंबईला जाणं होत नाही.

संध्या


जालना
१० मे २०२१

संध्या,

जिल्ह्याच्या बाहेर जायला पास लागतो. पास भेटला न्हाई. एजंटाचं ऑफिस बंद होतं.

यायचं न्हाई असं काही न्हाई. नंतर लिहितो.

गोरख


जालना
२३ मे २०२१

चि. संध्यास आईचे आशीर्वाद. जय भीम.

मी सांगून राह्यले अन् रूपाली तिच्या फोनवर लिहून राह्यली. तिनं एक अक्षर इकडचं तिकडं केलं तर मला कळतं, कारण मी तिच्याकडून परत वाचून घेते.

गोरखनाथनं आम्हाला शपथ घातली होती की तुला सांगायचं न्हाई. पण परवा रूपालीनं मला तुझं चार तारखेचं पत्र वाचून दाखवलं. तिनं ते त्याच्या फोनमधी पाह्यलं. मंग माझ्यानं राहावलं न्हाई. शपथ मोडली तर मोडली.

मी मरायला टेकले होते, बाई. एप्रिलात ताप आला. आधी वाटलं उन्हाचा हाय. मंग दम लागला. रूपालीनं त्याला फोन केला. तो प्लांटमधून तसाच एका टेम्पोवाल्याला घेऊन आला, मला गादीसगट उचललं अन् जालन्याला आणलं. दोन दवाखान्यांनी दारातूनच जागा न्हाई म्हणून लावून दिलं. तिसऱ्यात खाट भेटली. तिथं त्यानं मला पालथं झोपवलं, डोक्याला तेल लावलं, पाणी पाजलं. वार्डातल्या पोराशी भांडला की मास्क ढिला का बांधला. ज्या दिवशी मुंबईला जायचं होतं त्याच दिवशी माझा आक्सिजन खाली गेला. कागदाची पिशवी त्याच्या खांद्याला तशीच होती. मी हातानं खुणावलं, जा. तो म्हणला, “मावशी, कागद कुठं पळून चालले का?”

आता मी त्याच्याच खोलीवर हाय. तो सैपाक करतो. मीठ लई टाकतो. मी बोलते, तो ऐकत न्हाई.

तू त्याला काय काय लिहिलंस ते मला ठाव हाय. आता काय लिहायचं ते तुझं तू बघ.

तुझी आई
गिरिजाबाई


स्लायगो
२५ मे २०२१

गोरख,

आईचं पत्र मिळालं. मी तीनदा वाचलं आणि मग मारियाला वॉर्ड सोपवून बाहेर जाऊन बसले.

तुझे पाय धरावेत असं वाटतंय आणि तुझं डोकं फोडावं असंही वाटतंय. दोन्ही एकाच वेळी. मी नर्स आहे! रोज दुसऱ्यांच्या आयांचा ऑक्सिजन बघते आणि माझ्या आईचा आकडा मला कुणी सांगत नाही? तुला वाटलं असेल ही तिकडे एकटी, काय करणार. रडले असते. पण तुला यायचं नाही असं तरी म्हटलं नसतं. ते लिहून गेले ते आता खोडता येत नाही. तू तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून ते वाचलंस, हे मला सहन होत नाही.

पुन्हा माझ्यापासून काही लपवायचं नाही. माझ्या भल्यासाठी तर अजिबात नाही.

आता माझं ऐक. मी नोकरी सोडतेय.

आमच्याकडे एक आजी होत्या, त्या गेल्या वर्षी गेल्या. त्यांची बहीण नोरा, आयरिशच, स्पेनमध्ये समुद्रकाठी एका गावात राहते. एकटी आहे, गुडघे गेलेत, तिला इंग्रजी बोलणारी नर्स घरी हवीय. मी हो म्हटलं. स्पेनमध्ये मी परकी. म्हणजे मारियासारखी. म्हणजे तिथे माझ्या नवऱ्याला हक्क. सल्लागार बाई म्हणाल्या, कायदा अगदी स्पष्ट आहे. ज्या देशाने मला आपलं म्हटलं तो सोडल्याशिवाय मला नवरा मिळत नाही, तर सोडते.

तू ‘नको’ म्हणशील. म्हणू नकोस. राजीनामा दिलाय.

संध्या


जालना
२० जून २०२१

संध्या,

मला लपवू नको म्हणलीस अन् त्याच पत्रात राजीनामा देऊन मोकळी झालीस. विचारलं का मला? बारा वर्षांची नोकरी! मी इथं तुला एक शब्द न सांगता शिव्या खाल्ल्या ते चूक, अन् तू न सांगता देश बदलला ते बराबर? गिरिजाबाई म्हणत्या, दोघं सारखेच हायेत, मी कुणाची बाजू घेऊ.

राग मनात ठेवला तर तूच म्हणशीन लपवलं. म्हणून अजून एक सांगतो. मला भीती वाटून राह्यली. चाळीस वर्षांचा हाय मी. जालना सोडून कुठं राह्यलो न्हाई. इंग्रजी तोडकंमोडकं होतं, आता तर स्पॅनिश. उगवणीचं बियाणं चिमटीत घेऊन सांगतो कसं हाय ते, पण तिकडं मला कोण चिमटीत घेणार? गेटवरचे लोक काय म्हणतेत त्याचं मला काही न्हाई. पण तुझ्या घरात रिकामा बसलो तर मी स्वतःला काय म्हणू, त्याचा इचार येतो.

असो. मुंबईचा शिक्का झाला. स्पेनच्या व्हिसाचा अर्ज दिला. काउंटरवरच्या पोरीनं लग्नाचा दाखला पाह्यला, तुझ्या पासपोर्टची कॉपी पाह्यली अन् म्हणली, “ह्याला फी नाही.” मी म्हणलं, “बाकी काही विचारायचं न्हाई? आमची ओळख कशी झाली?” तिनं पुढच्याचा नंबर पुकारला.

जाऊन राह्यलीस तर नीट जा. पोचली की फोन कर.

गोरख


मुंबई विमानतळ
११ जुलै २०२१

संध्या,

फोन उचलून राह्यली न्हाईस, विमानाची वाट बघत झोपली असशीन. मंग पत्रच लिहितो. मी बाहेर ट्रॉलीवर बसलो हाय. विमान गेलं. मी गेलो न्हाई.

व्हिसा होता, टेस्ट होती, लस झाली होती, सारं होतं. काउंटरवाली पोरगी पासपोर्ट बघून म्हणली, “तुमची पत्नी कुठाय?”

मी म्हणलं, “तिकडं. तिच्याकडंच चाललो.”

“युरोपियन नागरिकाचा जोडीदार ‘सोबत’ प्रवास करत असला पाहिजे.”

“‘सोबत किंवा त्यांच्याकडे जाण्यासाठी’ असं लिहिलंय, मॅडम. पुढं वाचा.” तू पाठवलेला कायदा छापून आणला होता, तोच समोर धरला.

तिनं कागद हातात घेतला न्हाई. स्क्रीन माझ्याकडं वळवली. “आमच्या सिस्टिममध्ये एवढंच दिसतं.”

“मंग मोठ्या साहेबाला बोलवा.”

साहेब आला. तो स्क्रीनवर तेवढंच वाचून गेला. मी आवाज चढवला, संध्या. आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसावर ओरडलो. मागच्या रांगेतले लोक मोबाईल काढून बघायला लागले. मंग काउंटर बंद झालं.

बाहेर आलो तर सिक्युरिटीवाला म्हणतो, आत परत जाता येणार न्हाई, तुमचं विमान गेलं, तुम्ही आता प्रवासी न्हाईत.

प्रवासी न्हाई, परत येणारा न्हाई, सोबत न्हाई. मला आता कळंना, मी हाय तरी कोण.

गोरख


मिहास, स्पेन
११ जुलै २०२१

गोरख,

फोन घरीच विसरले होते, पत्र आत्ता परत येऊन वाचलं. तोवर मी विमानतळावरच उभी होते, तुझं विमान उतरलं, सगळे बाहेर आले, शेवटी कर्मचारीसुद्धा बाहेर आले.

‘सोबत’ पाहिजे ना त्यांना? मीच येते. नोराबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, “शेजारीण बघेल माझ्याकडे, तू आधी त्या माणसाला घेऊन ये, म्हणजे तुझी कटकट थांबेल.” आयर्लंडमध्ये आता हळूहळू अर्ज घ्यायला लागलेत असं ऐकतेय. मला आता त्याबद्दल काहीही ऐकायचं नाही.

तू टेंभुर्णीला जा. आईकडे थांब. मी आले की दोघं मिळून त्या काउंटरसमोर उभे राहू.

आणि तू कोण आहेस ते त्या सिक्युरिटीवाल्याला विचारू नकोस. मला विचार.

संध्या


मिहास, स्पेन
१९ ऑगस्ट २०२१

मावशी, जय भीम.

आम्ही पोचलो. साथीमुळं वेगळं राहायची मुदतही संपली. संध्या म्हणली, आईला पत्र तू लिही, म्हणून लिहितो. रूपालीनं मोठ्यानं वाचावं.

मुंबईत त्याच काउंटरवर गेलो. संध्यानं फाईल काढली, कायदा काढला, रात्रभर इंग्रजीत भाषण पाठ करून ठेवलेलं. पोरगी म्हणली, “दोघं सोबत?” हिनं “हो” म्हणलं. झालं. दोन बोर्डिंग पास हातात दिले. फाईल कोणी उघडली न्हाई. संध्याला इतका राग आला की विमानात बसंपर्यंत ती त्या पोरीलाच बोलत होती, मनातल्या मनात. इकडं उतरल्यावरही साहेबानं दोघांकडं एकदा पाह्यलं अन् शिक्का मारला. मला तर वाटलं, त्याला थांबवून म्हणावं, बाबा, वाच की काहीतरी. एवढं आणलंय.

नोराबाई चांगल्या हायेत. त्यांच्या अंगणात भाजीचे वाफे करून राह्यलो. इथली माती पांढरी अन् कोरडी, पण मेथी उगवली. शेजारचा एक म्हातारा ती बघून गेला अन् त्याच्या रोपवाटिकेत येतो का म्हणला. खुणांनीच बोललो. इथं राहायचं कार्ड आलं की जाईन.

आता कार्डाचंच काम हाय. इथल्या ऑफिसात गेलो तर ते म्हणतेत, लग्नाचा दाखला तीन महिन्यांच्या आत काढलेला पाहिजे. आमचा जुना झाला म्हणे. मावशी, लग्न काय दही हाय का, आंबायला? संध्या तिथंच खुर्चीवर बसून हसायला लागली, मंग रडायला लागली. कार्ड झालं न्हाई तर मला राहता येणार न्हाई.

जालन्याच्या कचेरीतून नवीन प्रत काढायची हाय. तुम्हाला अधिकारपत्र पाठवतो. मुंबईचं पुढं एजंट बघन. दादाला फोन केला होता, त्यानं उचलला न्हाई. निघायच्या आधी आम्ही दोघं पिंपळगावला गेल्तो, ते संध्यानं सांगितलंच असल. आई घरात होती. बाहेर आली न्हाई.

तुम्हाला तरास देऊन राह्यलो. दुसरं कोणी न्हाई म्हणून.

गोरखनाथ


टेंभुर्णी
९ सप्टेंबर २०२१

गोरखनाथ यांस, गिरिजाबाईचा जय भीम. संध्यालाही.

तुमचं अधिकारपत्र घेऊन मी अन् रूपाली जालन्याला गेलो. खिडकीवरचा माणूस म्हणला, अर्ज नवऱ्याच्या नावानं हाय, नवऱ्याकडचं कोणी आणा. मी म्हणलं, मी त्याची सासू हाय, मी चालत न्हाई का? तो म्हणला, सासू नवरीकडची. मी लई बोलले. रूपालीनं हात धरून बाहेर आणलं.

मंग मी घरी न येता भोकरदनची गाडी धरली अन् तिथून पिंपळगावला गेले. रूपाली म्हणत होती, नको काकू, अपमान करतील. मी म्हणलं, दवाखान्यातून परत आले, आता अपमानानं काय होतंय.

तुमच्या आई आशाबाई वसरीवर शेंगा फोडत होत्या. मी पायरीखाली उभी राह्यले. म्हणलं, मी संध्याची आई. पाणी मागायला न्हाई आले, बसायला न्हाई आले. तुमच्या पोराचा कागद अडून राह्यला.

त्या शेंगा फोडत राह्यल्या. मंग एकदम इचारलं, “कागद न्हाई भेटला तर त्यो परत येतो का?”

मला खोटं बोलता आलं असतं. पण मी म्हणलं, “हो. परत यावंच लागल त्याला.”

त्यांचे हात थांबले. मी मनात म्हणलं, गिरिजा, चल आता, ही बाई काही येत न्हाई, अन् मी तिच्या जागी असते तर मीही आले नसते. तवर त्या उठल्या, आत गेल्या. मला वाटलं संपलं. त्या लुगडं बदलून बाहेर आल्या, चपला घातल्या अन् म्हणल्या, “चला मंग. गाडी जाईल.”

गाडीत त्या खिडकीशी अन् मी कडंला. कचेरीत गेलो तर साहेब जेवायला गेल्ते. बाकावर बसलो. साहेब आले, मंग शिपाई गेला. शिपाई आला, मंग लाईट गेली. मी तर पार चिडले होते. त्या गपगार बसून होत्या. शेवटी खिडकीवरच्या माणसानं इचारलं, “तुम्ही कोण?”

आशाबाई म्हणल्या, “नवरदेवाची आई. लग्नाला यायचं राह्यलं होतं, आज आले.”

त्यांनी अंगठा दिला. कागद मंगळवारी देतो म्हणला. मंगळवारी आम्ही दोघी परत जाणार हाव. दोघींची भाकरी तुमची आई आणणार हाय, मी आणू नको असं त्यांनीच सांगितलंय.

गिरिजाबाई